नव्या ध्वनिमुद्रिका आणि पिकलेले स्वर

नवे संगीत म्हणजे तरुणांचे संगीत, हा समज वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांपासून ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाऱ्यांपर्यंत सर्वत्र इतका दृढमूल झालेला आहे की, ऐंशी वर्षे उलटलेल्या एखाद्या गायकाने नवी ध्वनिमुद्रिका काढली तर तिची दखल घेणाऱ्याची लेखणी आपोआप गौरवग्रंथाच्या भाषेकडे वळते, आणि तिच्यात प्रत्यक्ष काय गाइले आहे हे सांगायचे राहूनच जाते. 2024 आणि 2025 या दोन वर्षांत जॅझ, सोल आणि ब्राझिलियन संगीत या तिन्ही प्रांतांत जे नवे प्रसिद्ध झाले त्यापैकी जेवढे हाती लागले तेवढे मी ऐकले, पुष्कळसे पुन्हा पुन्हा ऐकले, आणि माझे मत असे बनले की, ज्यांत एखादा वयोवृद्ध कलावंत आपल्या आवाजाचे वय न लपवता गातो आहे, किंवा एखादा तरुण कलावंत आपल्या पूर्वसूरींच्या शेजारी निःसंकोच येऊन बसला आहे, त्याच ध्वनिमुद्रिका या काळात सर्वांत श्रवणीय ठरल्या आहेत. मराठी श्रोत्याला तर त्या अगत्याने ऐकाव्याशा वाटतील असा मला भरवसा आहे, आणि तो कशामुळे, हे पुढे ओघाने येईलच.

आरंभ ‘मिल्टन + एस्पेरांझा’ या ध्वनिमुद्रिकेपासून करणे इष्ट. ऑगस्ट 2024 मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा मिल्टन नासिमेंतो एक्क्याऐंशी वर्षांचे होते आणि एस्पेरांझा स्पाल्डिंग ही अमेरिकन गायिका व बासवादक चाळिशीच्या उंबरठ्यावर होती. ब्राझीलचे संगीत म्हटले की आपल्याकडील जाणत्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढे बहुधा रिओचा समुद्रकिनारा, जुआंव जिल्बेर्तो यांची हलक्या हाताने वाजणारी गिटार आणि स्टॅन गेट्झ यांच्यासह त्यांनी केलेली 1964 ची ती विख्यात ध्वनिमुद्रिका एवढेच येते. मिल्टन यांचा जन्म रिओत झाला खरा, तथापि त्यांची आई ते लहान असतानाच वारली आणि दत्तक मातापित्यांनी त्यांना मिनास जेराइस या डोंगराळ, खाणींच्या, समुद्राला पारख्या असलेल्या प्रांतातील त्रेस पोन्तास नावाच्या गावी वाढविले. त्यामुळे त्यांच्या संगीतात किनाऱ्यावरील निवांत लाडिकपणाचा मागमूस नाही, आणि चर्चमधील समूहगान, खेड्यापाड्यांतील मिरवणुकींची गाणी, जॅझ आणि बीटल्स या सर्वांचा जो विलक्षण संगम तेथील काही तरुणांनी घडवून आणला त्याचा गंभीर, घंटानादासारखा प्रतिध्वनी मात्र आहे. लो बोर्जेस या अगदी कोवळ्या वयाच्या मित्राबरोबर त्यांनी 1972 साली काढलेली ‘क्लुबे दा एस्किना’ ही जोडमुद्रिका हा त्या संगमाचा पहिला मोठा दाखला होय.

त्या काळी ब्राझीलवर लष्करी राजवट होती, आणि गीतांचे मसुदे सरकारी तपासनिसांकडून मंजूर करून घ्यावे लागत. पुढच्याच वर्षी मिल्टन यांच्या ‘मिलाग्रे दोस पेइशेस’ या ध्वनिमुद्रिकेतील अनेक गीतांचे शब्द तपासनिसांनी नामंजूर केले. सरकारी दप्तरातून असा हुकूम सुटल्यावर गाणी गाळावीत किंवा शब्द सौम्य करून पुन्हा अर्ज करावा, हे दोन मार्ग कोणालाही सुचले असते. मिल्टन यांनी ते दोन्ही सोडून ती गाणी शब्दांवाचून, केवळ स्वरांनी, हुंकारांनी आणि आक्रंदनाने गाइली, आणि ज्या आवाजावर बंदी घालण्याचे कलम कोणत्याही कायद्यात नव्हते त्या आवाजाने सांगायचे ते सारे सांगून टाकले. आलापाची थोरवी ज्यांना वेगळी समजावून द्यावी लागत नाही अशा आपल्या श्रोत्यांनी ती ध्वनिमुद्रिका आवर्जून मिळवून ऐकावी. तारसप्तकात सहज जाऊन तेथे पातळ, निर्मळ, जवळजवळ देहहीन होणारा तो त्या वेळचा आवाज कानात साठवून ठेवला म्हणजे नव्या ध्वनिमुद्रिकेतील आवाज ऐकताना काय गेले आणि काय उरले याची रुजवात नीट घालता येते.

गेले ते पुष्कळ. नव्या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभीच ‘काइस’ हे 1972 च्या संचातील गाणे येते, आणि पहिल्या ओळीतच ध्यानात येते की हा आवाज आता खाली उतरला आहे, त्याला कंप सुटला आहे, एक वाक्य पुरे करण्यास लागणारा दम तो मोजून वापरतो आहे. एस्पेरांझाने येथे जे केले त्यातच तिच्या शहाणपणाची साक्ष आहे. तिने त्या आवाजावर वाद्यवृंदाचे पांघरूण घातले नाही. आपला बास आणि आपला स्वच्छ, चपळ आवाज तिने त्याच्या अंगाअंगाने असा ठेवला की, वृद्ध आवाज जेथे पोहोचू शकत नाही तेथे ती जाते, पण तेथून त्याला वाकुल्या दाखवीत नाही. तो जेथे थांबतो तेथे तीही थांबते. आपल्याकडे मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य गुरूचा स्वर उचलून धरतो ते ज्यांनी मैफलीत पाहिले आहे, त्यांना या गाण्यातील नाते सांगावे लागणार नाही.

याच संचात पनाइर या विमान कंपनीच्या आठवणीचे एक जुने गाणे नव्याने गाइले आहे. 1965 साली लष्करी राजवटीने या कंपनीची उड्डाणे एकाएकी बंद पाडली, आणि पुढे फर्नांदो ब्रांत यांनी शब्द लिहून व मिल्टन यांनी चाल लावून तिची आठवण बारमध्ये बसलेल्या मित्रांच्या गप्पांच्या मिषाने जपली. वरवर पाहता विमानांचे, आणि आतून एका हिरावून घेतलेल्या काळाचे असे ते गाणे आहे. येथे ते लिआन ला हावास, मारिया गादू आणि तिम बेर्नार्देस या तरुण गायकांनी मिल्टन यांच्या सोबतीने गाइले आहे; यांतील कोणीही त्या कंपनीचे विमान उडताना पाहिलेले नाही, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांचे आवाज एकामागून एक येऊन त्या वृद्ध आवाजाभोवती बसतात तेव्हा एखादी स्मृती एका पिढीच्या हवाली होताना आपण प्रत्यक्ष ऐकत आहोत असे वाटते. पॉल सायमन यांनीही एका गाण्यात साथ दिली आहे. शेवटचे गाणे सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांचे आहे. शॉर्टर मार्च 2023 मध्ये निवर्तले. 1975 साली आलेल्या त्यांच्या ‘नेटिव्ह डान्सर’ने अमेरिकेतील जॅझच्या श्रोत्यांना मिल्टन यांचा आवाज प्रथम मनःपूर्वक ऐकविला होता, आणि एस्पेरांझाची तर त्यांच्यावर गुरुस्थानी निष्ठा होती. त्यांच्या पत्नी कारोलिना शॉर्टर या अखेरच्या गाण्यात गातात.

संपूर्ण ध्वनिमुद्रिका निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. मायकेल जॅक्सनच्या ‘अर्थ साँग’ची निवड मला रुचली नाही, त्या गाण्यातील व्याख्यानबाजी या घरगुती बैठकीत उपरी वाटते, आणि पाहुणे चार कमी असते तर यजमान अधिक ऐकू आला असता. परंतु हे दोष औदार्याचे आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये ग्रॅमी पारितोषिकांच्या समारंभात ही ध्वनिमुद्रिका जॅझ गायनाच्या विभागात मानांकित असताना मुख्य दालनात मिल्टन यांच्यासाठी आसन ठेवले गेले नाही, आणि एस्पेरांझाला त्यांचे छायाचित्र हाती धरून बसावे लागले, ही गोष्ट मला अद्याप खुपते. साठ वर्षांच्या कारकिर्दीच्या पदरात टाकायला एक खुर्ची नव्हती.

आता मघाच्या भरवशाचे कारण सांगतो. 1997 साली स्वर दुरुस्त करणारी संगणकीय करामत बाजारात आली, आणि तेव्हापासून आवाजातील प्रत्येक कंप, प्रत्येक चढउतार, श्वासाचा प्रत्येक आवाज हा पुसून टाकण्याजोगा दोष होय अशी समजूत ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात हळूहळू रूढ झाली. तिचा परिणाम असा की, विशीतल्या गायिकेचा आवाज आणि पन्नाशीतल्या गायकाचा आवाज एकाच गुळगुळीत साच्यातून बाहेर पडू लागले. आपल्या कानावर मात्र याहून निराळे संस्कार झालेले आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर यांना त्यांच्या सत्तरीनंतर ऐकण्यासाठी लोक गावोगाव जात. गंगूबाई हनगल यांचा आवाज शस्त्रक्रियेनंतर बदलून पुरुषी झाला, आणि त्याच आवाजासाठी त्यांना अर्धशतकाहून अधिक काळ मागणी राहिली. आवाजाचे वय हा त्या गाण्याच्या अर्थाचाच एक भाग आहे, हे आपल्याला कोणी शास्त्र लिहून शिकविलेले नाही. मैफलीत बसून ते आपल्या अंगवळणी पडले आहे. तेच अंगवळण घेऊन परदेशी संगीताकडे जावे, एवढेच माझे मागणे आहे. शिवाय जॅझ तर मुंबईला परका नाही. 1978 साली ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली तेव्हा रंगभवनाच्या उघड्या प्रेक्षागारात सॉनी रोलिन्स यांचा सॅक्सोफोन मुंबईकरांनी ऐकलेला आहे.

सोल संगीताच्या प्रांतात नोव्हेंबर 2025 मध्ये आलेली मेव्हिस स्टेपल्स यांची ‘सॅड अँड ब्यूटिफुल वर्ल्ड’ ही माझ्या मते या दोन वर्षांतील सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिका आहे. ती निघाली तेव्हा मेव्हिस शहाऐंशी वर्षांच्या होत्या. वडील पॉप्स स्टेपल्स मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांतून पोटासाठी शिकागोला आले. त्यांनी आपल्या मुलांना गिटारीच्या साथीवर चर्चमधील भजने शिकविली, आणि ‘स्टेपल सिंगर्स’ हे कुटुंब पुढे मार्टिन लूथर किंग यांच्या चळवळीचा गाता आवाज बनले. त्या कुटुंबातील आज एकट्या मेव्हिस हयात आहेत. ही पार्श्वभूमी माहीत असली म्हणजे पहिले गाणे, टॉम वेट्स यांचे ‘शिकागो’, नव्यानेच कानी पडल्यासारखे होते. दक्षिणेतून उत्तरेकडे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेल्या माणसांचे ते गाणे मूळ गायकाने कल्पनेने रचले. मेव्हिस ते आपल्या घराण्याच्या कैफियतीसारखे गातात, आणि त्यात गिटार वाजविणारे बडी गाय हे स्वतःही लुईझियानातून 1957 साली शिकागोला आलेले, त्यांच्याहून तीन वर्षांनी वडील असे कलावंत आहेत. मेव्हिस यांचा आवाज तरुणपणीही खर्जाचाच होता, आता तो घोगरा आणि आखूड झाला आहे, आणि तरी लेनर्ड कोहेन यांचे गाणे असो की फ्रँक ओशन या आजच्या तरुणाचे, त्या एखादा शब्द किंचित उशिरा उच्चारतात तेव्हा त्या विलंबात सत्तर वर्षांचा सराव जाणवतो. निर्माते ब्रॅड कुक यांनी वाद्यांना मागे राहण्याची शिस्त लावली याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

सोलमधील तरुणांपैकी जेलन न्गोंडा आणि ‘दी सेक्रेड सोल्स’ यांची नावे नोंदवून ठेवतो. दोघेही ब्रुकलिनच्या डॅप्टोन या संस्थेच्या परिवारातले, आणि साठच्या दशकातील मुद्रणाचा उबदारपणा आजही साधणारे. त्यांची गाणी गोड आहेत. त्यांत अजून कोणाचे आयुष्य ऐकू येत नाही, ते येईल.

ब्राझीलकडे परत वळले की हर्मेतो पास्कोआल यांच्याखेरीज पुढे जाता येत नाही. 1936 साली आलागोआस प्रांतातील एका खेड्यात जन्मलेल्या या माणसाच्या त्वचेला जन्मतः रंग नव्हता. भावंडांसारखे उन्हात शेतावर राबणे शक्य नव्हते, सबब ते घरी राहिले आणि वडिलांचा अकॉर्डियन वाजवू लागले. कोणा गुरूपाशी न शिकता ते पियानो, बासरी, गिटार असे पुष्कळ काही वाजवीत, आणि चहाची किटली, खेळणी, तळ्याचे पाणी, एकदा तर जिवंत डुकराची पिल्लेही त्यांनी वाद्यांच्या पंक्तीला बसविली. मे 2024 मध्ये आलेली ‘प्रा वोसे, इल्झा’ ही ध्वनिमुद्रिका त्यांनी 2000 साली निवर्तलेल्या आपल्या पत्नीस अर्पण केली आहे. तिच्यासाठी वहीत लिहून ठेवलेल्या, आणि दोन तपांहून अधिक काळ अप्रकाशित राहिलेल्या रचनांतून ती सिद्ध झाली. शोकगीतांची अपेक्षा करणाऱ्याची येथे निराशा होईल. रचना धावत्या, वळणावळणाच्या, लयीने अवघड आहेत, आणि हर्मेतो यांच्या हाताखाली तयार झालेले वादक त्या इतक्या सहज वाजवितात की ऐकणाऱ्याला सम शोधण्याचा आनंद मिळतो. पत्नीस अर्पण केलेल्या संगीतात इतके हसू आणि इतके चापल्य असावे, यावरून त्या संसाराची कल्पना येते. हर्मेतो सप्टेंबर 2025 मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी वारले. ही ध्वनिमुद्रिका त्यांच्या हयातीत निघाली हे फार चांगले झाले.

त्याच ईशान्य ब्राझीलच्या रेसिफे शहरातला अमारो फ्रेइतास हा पियानोवादक 1991 साली जन्मला. चर्चमध्ये वडिलांच्या देखरेखीखाली तो वाजवू लागला. संगीतशाळेत प्रवेश मिळाला, पण बसभाड्याची तजवीज न झाल्यामुळे शाळा सुटली, आणि घरी पियानो नसल्याने उपाहारगृह उघडण्यापूर्वी तेथल्या पियानोवर त्याने सराव केला. मार्च 2024 च्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेच्या आवरणावर शीर्षक म्हणून रोमन लिपीतील दोन ‘वाय’ अक्षरे छापलेली आहेत. या संगीताचे मूळ पाण्यात आहे: मनाउस शहराजवळ रिओ नेग्रोचे काळे पाणी आणि सोलिमोंइस नदीचे गढूळ पिवळे पाणी कित्येक किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहते. अॅमेझॉनच्या त्या प्रदेशात राहून, तेथील सातेरे-मावे लोकांच्या सहवासात, या संगीताची कल्पना त्याला सुचली. पियानोच्या तारांवर बिया, कपडे वाळत घालण्याचे चिमटे असल्या वस्तू ठेवून त्याने त्या वाद्याचे रूप पालटून टाकले आहे. डाव्या हाताखालील मंद्र सप्तकातील तारांतून स्वर निघतो तो लाकडावर पडलेल्या थापेसारखा, आणि उजवा हात त्याच वेळी स्वच्छ, ओल्या स्वरांची ओळ खेळवीत असतो. डोळे मिटून ऐकणारा हे एकाच माणसाचे दोन हात आहेत यावर इतबार ठेवणार नाही. यातील एक रचना नाना वास्कोन्सेलोस या रेसिफेच्याच तालवादकास वंदन म्हणून आहे. नाना 2016 साली वारले. बेरिंबाव हे एका तारेचे धनुष्यवाद्य त्यांनी जगभर नेले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॉन चेरी यांच्याबरोबर ‘कोडोना’ या त्रिकुटात ते वाजवीत तेव्हा त्यांच्या शेजारी सतार आणि तबला घेऊन बसणारे कॉलिन वॉलकॉट हे पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांचे शिष्य होते.

फ्रेइतासच्या ध्वनिमुद्रिकेत बासरी वाजविणारा शबाका हचिंग्ज हा लंडनचा कलावंत सॅक्सोफोनसाठी ख्यातकीर्त होता. 2023 च्या अखेरीस, कीर्तीच्या ऐन भरात, त्याने सॅक्सोफोन खाली ठेवला आणि जपानी शाकुहाची व इतर बासऱ्यांची आराधना आरंभिली. एप्रिल 2024 मध्ये आलेली त्याची ‘पर्सीव्ह इट्स ब्यूटी, अॅक्नॉलेज इट्स ग्रेस’ ही न्यू जर्सीतील व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत मुद्रित झाली, जेथे 1964 च्या डिसेंबरात जॉन कोल्ट्रेन यांची ‘अ लव्ह सुप्रीम’ मुद्रित झाली होती. वादक कानांवर हेडफोन न लावता, मध्ये पडदे न घालता, एका दालनात एकमेकांसमोर बसले. त्यामुळे फुंकर सुराआधी येते आणि सूर संपल्यावरही क्षणभर राहते. बासरी ऐकणाऱ्या आपल्या लोकांना त्या फुंकरीचे मोल माहीत आहे. या संचातील मधल्या काही रचना मला विरळ, जवळजवळ निराकार वाटल्या, आणि त्यांच्यासाठी लागणारी सबुरी प्रत्येकापाशी असेलच असे नाही. परंतु अखेरच्या रचनेत शबाकाचे वडील अनुम इयापो आपली कविता म्हणतात, आणि त्यांच्या जड, संथ वाणीमागे मुलाची बासरी चालते, ते ऐकण्यासाठी सबुरी धरावी. याच संगीतपरंपरेतील ब्रँडी यंगर हिची ‘गॅडअबाऊट सीझन’ 2025 साली आली. कोल्ट्रेन यांनी मागविलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर घरी पोहोचलेली, पुढे त्यांच्या पत्नी अॅलिस कोल्ट्रेन यांनी वाजविलेली हार्प दुरुस्त होऊन तिच्या हाती आली आहे, आणि त्या वारशाखाली ती दबलेली नाही.

अखेरीस एक शिफारस, जिचा पूर्वसूरी दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. अरूज आफताब या न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्या पाकिस्तानी गायिकेची ‘नाइट रेन’ 2024 साली निघाली. तिच्यातील दोन गाणी माह लका बाई चंदा यांच्या उर्दू काव्यावर आधारलेली आहेत. माह लका बाई 1768 साली औरंगाबादेस जन्मल्या, हैदराबादेस निजामाच्या दरबारी कवयित्री, गायिका आणि मुत्सद्दी म्हणून मान्यता पावल्या, आणि स्वतःचा दीवान सिद्ध करणाऱ्या पहिल्या काही उर्दू कवयित्रींत त्यांची गणना होते. आपल्याच मराठवाड्याच्या भूमीतल्या या कवयित्रीचे शब्द न्यू यॉर्कच्या जॅझ वादकांच्या साथीने जगभर गेले. आफताब शब्द गझलेच्या रूढ पद्धतीने खुलवीत नाही. ती प्रत्येक शब्द धुरासारखा सोडते आणि बास व हार्प त्याला विरू देतात. ‘ऑटम लीव्ज’ या मूळच्या फ्रेंच जुन्या गाण्याचा तिने याच संचात केलेला प्रयोग मला फारसा जमलेला वाटला नाही. ‘ना गुल’ मात्र प्रथम ऐकावे, आणि लगेच ‘साकी’.